करड्या रंगाचा साबण

“…पण आता यात जांभळं काय उरलंय, आक्का? तुम्हीच सांगा!”

प्रमिला ताजणे पातेल्यावर ओणवी होऊन बघत होती. हातात लाकडी पळी. पातेल्यातलं तेल घटकाभरापूर्वी डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. आता ते करडं झालं होतं. चुलीतली राख पाण्यात कालवावी, तसं.

धुरपदाआक्का उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“ढवळ.”

“ढवळतेच आहे. पण रंग गेला.”

“कुठं गेला?”

वीस वर्षं तिने कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. रंग का बदलतो, हे फळ्यावर लिहून लिहून बोटं पांढरी झाली होती. पण कुठे जातो, असं तिला कोणी विचारलं नव्हतं.

हा मठ अकोले तालुक्याच्या डोंगरात आहे. या मठात जप कमी आणि साबण जास्त. आक्का शाळेत गेलेली नाही. साबण मात्र असा करते, की लोक तीन तीन डोंगर उतरून एका वडीसाठी येतात. आणि येणाऱ्यांत देवभोळे थोडे, अंगाला खाज असलेलेच पुष्कळ.

साबणाचा वास लव्हेंडरचा. काश्मीरकडे पहाऱ्यावर असलेला एक जवान वर्षातून एकदा सुट्टीवर येतो आणि लव्हेंडरच्या तेलाची बाटली नि पिशवीभर वाळलेली फुलं मठात ठेवून जातो. का, ते त्याने सांगितलं नाही. आक्काने विचारलं नाही.

रंग जांभळा, रतनजोताच्या मुळ्यांचा. मुळ्या महिनाभर तेलात भिजत ठेवायच्या. दुकानातल्या पुडीतला रंग या मठात चालत नाही.

आणि मठाची एक रीत आहे.

शिकायला आलेल्या बाईने शेवटी एकटीने साबण करायचा. सहा आठवडे फळीवर वाळू द्यायचा. मग त्यातली वडी आक्कासमोर ठेवायची. आक्काने त्या वडीने स्वतःचं तोंड धुतलं, तर त्या बाईने खुशाल जाऊन दुसऱ्यांना शिकवावं. वडी नुसती हातात घेऊन खाली ठेवली, तर पुढच्या वर्षी परत यावं. कारण लव्हेंडरचं तेल एकदाच येतं, आणि प्रत्येकीच्या वाट्याला दोन घाण्यांपुरतं येतं.

प्रमिलाला ही रीत पोरकट वाटली होती. ती तसं बोलली नाही. पण शिकलेल्या माणसाचा चेहरा फार बोलतो.

तरी ती थांबली. कारण संगमनेरात अकरा जणी तिची वाट बघत होत्या.

त्या अकरा जणी विड्या वळायच्या. विड्यांचं काम कमी कमी होत गेलं, आणि बोटांत मुरलेला तंबाखू तेवढा राहिला. भाकरी थापली तरी भाकरीला तंबाखूचा वास. प्रमिला त्यांना म्हणाली होती, “मी शिकून येते. मग आपण साबण करू. तुमचेच हात, पण वास वेगळा.” बायका आधी हसल्या. मग त्यांतल्या एकीने आपली बंद पडलेली खोली रिकामी करून ठेवली.

म्हणून हे पातेलं. म्हणून या करड्या रंगाची एवढी धास्ती.

“आक्का, रतनजोत आंबटात लाल पडतं आणि खारात निळं. साबणात घालतो ते कास्टिक सोड्याचं पाणी खार आहे. म्हणून असं झालं. साधी गोष्ट आहे.”

“साधी हाय, मग घाबरलीस कशापायी?”

“घाबरले नाही. दुरुस्त करायचं म्हणतेय.”

“काय मोडलंय?”

“रंग!”

आक्काने लसणाची एक पाकळी उजेडात धरून बघितली. किडकी होती. टाकून दिली.

“पळी उचलली की वर रेघ राहती का बघ. राहिली की वास घाल. साच्यात वत. गोधडी टाक. उद्या वड्या काप, फळीवर लाव. मग थांब. ढवळाढवळ करू नगंस.”

“आणि रंग?”

“सांगितलं न्हवं का. थांब म्हनून.”

दुसऱ्या दिवशी प्रमिलाने साचा उघडला. साबण करडाच होता. उलट जास्तच करडा. गोणपाटासारखा.

मठात स्वयंपाक बघणारी गजरा नावाची बाई होती. तोंडाची फटकळ. ती हात पुसत बाहेर आली, वड्यांकडे बघितलं आणि म्हणाली,

“म्याडम, म्हशी धुवायला बरा हाय.”

प्रमिलाने त्या बारा वड्या उचलल्या आणि गोवऱ्यांच्या खोपीत नेल्या. गोवऱ्यांच्या मागे एक फळी होती, तिच्यावर टाकल्या. वर पोतं टाकलं. डोळ्यांसमोर नको.

राहिलेल्या तेलाचा तिने दुसरा घाणा घेतला.

या खेपेला ती तयारीने बसली. आठवडी बाजारातून लिंबूसत्त्व आणलं होतं, फरसाणवाले वापरतात ते. पातेल्यात रंग करडा व्हायला लागला, तशी तिने पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व ओतलं. पहिल्यांदा थोडं. मग आणखी थोडं. मग वाटीतलं सगळं.

आणि रंग फुलला. जांभळा. लालसर झाक असलेला, गच्च, पैठणीच्या पदरासारखा.

“बघा!” प्रमिला ओरडली. “आक्का, बघा! गजराबाई, या इकडे!”

आंबट आणि खार एकमेकांना मारतात, हे तिला ठाऊक होतं. वाटीभर लिंबूसत्त्वाने किती कास्टिक मारलं जाईल, हेही तिला कागदावर दोन ओळींत काढता आलं असतं. हेच तर ती शिकवत होती. पण त्या दिवशी तिने कागद घेतला नाही. समोर रंग होता, आणि रंग बघितल्यावर कागद कोणाला सुचतो!

साच्यात ओतल्यावर तिने वर लव्हेंडरची फुलं टोचली. एकेक फूल, रांगेत.

गजराने गालावर हात ठेवला.

“अगं बाई! लग्नात वाटायचा दिसतोय.”

आक्का काठी टेकत आली. साच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“देखणा दिसतोय.”

“हो ना?”

“दिसतोय की.”

आणि आक्का निघून गेली. प्रमिलाने ते कौतुक समजलं. माणूस कौतुकाला इतका हपापलेला असतो, की कशालाही कौतुक समजतो.

मग दिवस मोजणं सुरू झालं.

पहिल्या आठवड्यात वड्या छान राहिल्या. प्रमिला रोज सकाळी त्या उलटायची, हात लावून बघायची. जरा मऊ वाटायच्या. वाळतील, म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात वड्यांना घाम फुटला. बारीक थेंब. पाण्याचे नव्हते. तेलाचे होते.

तिने फडकं घेतलं आणि पुसले.

दुसऱ्या दिवशी परत थेंब. परत पुसले.

पाचव्या आठवड्यात लव्हेंडरच्या वासाखालून दुसरा एक वास यायला लागला. जुन्या पापडाच्या डब्यात येतो तो. तेव्हा तिने कागद घेतला आणि दोन ओळी लिहिल्या. निम्म्याच्या जवळपास तेलाला कास्टिक पोचलंच नव्हतं. ते तेल तेलच राहिलं होतं.

तिने कागदाची घडी केली आणि चुलीत घातली. कोणाला सांगितलं नाही. रोज सकाळी उठून वड्या मात्र पुसत राहिली.

त्याच आठवड्यात संगमनेरहून फोन आला. नजमा बोलत होती, अकरा जणींपैकी खोली देणारी.

“मॅडम, खोलीला चुना दिला. आतून-बाहेरून. मोरीपण बांधून घेतली. येताय ना?”

प्रमिलाने हातातल्या तेलकट फडक्याची घडी घातली.

“मॅडम? ऐकू येतंय का?”

“येते,” प्रमिला म्हणाली. “येते, नजमा.”

त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी आक्का न्हाणीच्या दगडावर येऊन बसली. पदर खोचलेला, बाजूला पाण्याची बादली. गजरा दाराला टेकून उभी.

प्रमिला फळी घेऊन आली. फळीवर दहा-बारा वड्या. जांभळा रंग मधूनमधून पिवळट पडलेला. कडेने तेल. आणि वरची फुलं काळी-तपकिरी होऊन आक्रसलेली.

गजरा वाकून बघायला लागली.

“म्याडम… रातच्याला फळीवर उंदीर नाचले का काय?”

“फुलं आहेत ती,” प्रमिला म्हणाली.

“असतील बया. आमच्याकडं धान्यात असली फुलं लई पडत्यात.”

“गजरे,” आक्का म्हणाली.

गजरा गप्प झाली. पण खांदे हलत होते.

प्रमिलाने फळी खाली ठेवली.

“आक्का, हा बिघडला. मी लिंबूसत्त्व घातलं. कास्टिक मारलं गेलं. चूक माझी आहे आणि ती मला कळायला हवी होती, कारण हेच मी पोरांना शिकवत होते. …तुम्ही तोंड धुवू नका. मी पुढच्या वर्षी येते.”

“आन् त्या अकरा जणी?”

“सांगते त्यांना. थांबा म्हणून.”

“थांबतील?”

“…माहीत नाही.”

आक्काने बादलीतल्या पाण्यात बोटं बुडवली. पाणी गार होतं. बोटं झटकली.

“पयला घाणा कुठाय?”

“कुठला पहिला?”

“म्हशीचा,” गजरा म्हणाली.

“तो मी टाकून दिला, आक्का. गोवऱ्यांच्या मागे.”

“घेऊन ये.”

प्रमिला गेली. गोवऱ्या बाजूला केल्या, पोतं ओढलं. धूळ उडाली. ती खोकली.

आणि मग बराच वेळ बाहेर आलीच नाही.

आली, तेव्हा दोन्ही हातांत एकेक वडी होती. चेहरा असा, की गजरा दारातून हलून पुढे झाली.

वड्या जांभळ्या झाल्या होत्या. लाल झाक नाही, भडकपणा नाही. मऊ, फिका, लव्हेंडरच्या फुलाचाच जांभळा. करड्याचा मागमूस नव्हता. प्रमिलाने एक वडी दुसरीवर आपटली. टक्क, असा कोरडा आवाज झाला. वास तर असा सुटला, की गजराने डोळे मिटले.

“आक्का!” प्रमिलाला हसू आवरेना. “झाला! आक्का, हा झाला! बघा तरी! कास्टिक हळूहळू मुरत गेलं, खार कमी झाला, तसा रंग परत आला. आपोआप! मला कळायला हवं होतं… जाऊ दे ते. ही घ्या. ही वडी घ्या. हिने धुवा.”

तिने वडी पुढे केली.

आक्काने ती घेतली. अंगठा फिरवला. नाकाशी नेली.

“कुनी केला ह्यो?”

“मी.”

“टाकला कुनी?”

“…मीच.”

“धीर धरलास म्हनून झाला का?”

प्रमिलाने तोंड उघडलं. हो म्हणणं किती सोपं होतं! एका शब्दात संगमनेर गाठता आलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “धीर नव्हता धरला. मला त्याची लाज वाटली होती.”

“हं.” आक्काने वडी दगडावर ठेवली.

“पण साबण तर तोच आहे ना, आक्का? तेल मी मापलं. कास्टिक मी मापलं. ढवळला मी. टाकून दिला काय आणि जपून ठेवला काय…”

“साबनाला फरक कळत न्हाई. खरं हाय. तुला कळतो का?”

बादलीच्या कडेवर एक मैना येऊन बसली. पाणी प्यायली. उडाली.

“त्या बायांना काय शिकवशील?” आक्काने विचारलं.

“मापं शिकवेन. आणि हे सांगेन, की पातेल्यात रंग करडा झाला तरी घाबरू नका. थांबा.”

“ऐकतील?”

“ऐकतील. समंजस आहेत.”

“तुला म्या सांगितलं व्हतं. तू ऐकलंस?”

प्रमिला खाली बघायला लागली.

“नाही.”

“तू तर शिकलेली.”

“…हो.”

“मग त्या कशाला ऐकतील?”

खाली ओढ्यावर कोणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

प्रमिला दगडाशेजारी बसली. हातातली दुसरी जांभळी वडीही तिने दगडावर ठेवली. साडीचा पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. नुसती बसली. मग फळीवरचा तेलकट तुकडा उचलून, इतके दिवस पुसायची तसा पुसायला लागली. थोडा पुसला आणि थांबली.

“रोज पुसत होते, आक्का,” ती म्हणाली. “पुसत राहिले, तर आजच्या दिवशी तुम्हाला दिसणार नाही, असं वाटायचं. काय वेडेपणा! तेल आतून येत होतं.”

आक्का तिच्याकडे बघत होती. बघता बघता तिने हात पुढे केला.

प्रमिलाला वाटलं, पाणी मागतेय. तिने तांब्या पुढे केला.

आक्काने तांब्या घेतला नाही. जांभळ्या वड्यांवरूनही हात पलीकडे गेला. प्रमिलाच्या हातातला तो तेलकट, पिवळट, वर काळी फुलं चिकटलेला तुकडा तिने काढून घेतला. पाण्यात बुडवला. दोन्ही तळहातांत घोळवला.

आणि तोंडाला लावला.

“आक्का!”

फेस धड येत नव्हता. जेवढा आला, तेवढा तिने कपाळाला चोळला, गालांना चोळला, कानामागे चोळला. सावकाश. जशी रोज धुते तसं. लव्हेंडरची दोन काळी फुलं भुवईत अडकून बसली. नाक तेलाने चकाकायला लागलं.

गजराला आवरलं नाही. ती दाराला धरून हसत सुटली.

“आक्का, अवं… तळायला सोडलेल्या वड्यावानी दिसताय!”

“बरं हाय की. थंडीभर तोंड फुटनार न्हाई.”

आक्काने ओंजळीने पाणी मारलं. एकदा, दोनदा, पाचदा. तेल काही पुरतं निघालं नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि तो चकाकणारा चेहरा प्रमिलाकडे वळवला.

प्रमिला उभी राहिली होती.

“आक्का… तुम्ही… याने का धुतलंत? हा तर बिघडलेला आहे.”

आक्का भुवईत अडकलेली फुलं बोटाने काढत होती.

गजराचं हसू थांबलं. तिला आता कुठे उमगलं काय झालं ते. तिने प्रमिलाच्या दंडाला धरून हलवलं.

“म्याडम! अवं म्याडम, धुतलं की तोंड! आक्कानं धुतलं! हुबं काय ऱ्हायलाय? गठुडं बांधा. संगमनेरची गाडी बाराला हाय.”

प्रमिला खाली वाकली. पाया पडली. आक्काच्या ओल्या हाताचा तेलकट पंजा तिच्या केसांवर क्षणभर टेकला आणि निघाला.

मग ती आत गेली, जुनं वर्तमानपत्र घेऊन आली. फळीवरच्या त्या सगळ्या बिघडलेल्या वड्या एकेक करून गुंडाळल्या. घाई केली नाही. आता पुसल्याही नाहीत. कागदावर तेलाचे डाग पडत गेले, ते तिने पडू दिले.

गजरा शेजारी उकिडवी बसून दोरा तोडून देत होती.

“ह्या दाखवनार व्हय बायांना?”

“ह्याच दाखवणार. पहिल्या दिवशीच.”

“हसतील.”

“हसू दे. तूही हसलीस की.”

“म्या लई हसले,” गजरा कबूल झाली, आणि पुन्हा थोडं हसून घेतलं.

गाठोडं बांधून झालं. प्रमिलाने ते काखेला मारलं. दगडावर त्या दोन जांभळ्या वड्या अजून तशाच होत्या. ऊन त्यांच्यावर आलं होतं. तिने त्यांच्याकडे बघितलं. एक उचलली, परत ठेवली.

“आक्का, आणि या? निदान या दोन नेऊ का? चांगला कसा दिसतो, ते बायांना कळायला…”

आक्का काठी शोधत होती. सापडली. ती टेकून उठली.

“त्या हितंच ऱ्हाऊ दे, पोरी. त्या तुझ्याबिगर झाल्या.”